मेरवींचा रुजा कशाचा करायचा आणि स्टेजवर कपाळावर कसा टिकवायचा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ठाण्यातल्या कॉलेजच्या ग्रुपची एकांकिका आहे, त्यात मेरवी नावाची भटकी जमात आहे, पूर्ण काल्पनिक, मेंढ्या घेऊन उजाड पठारावरून समुद्रापर्यंत उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत वर चढतात. ज्या पोरीने पहिल्यांदा ही अख्खी वाट पायी चालून पुरी केली तिच्या कपाळावर आजी रुजा नावाचा लेप लावते आणि तो शेवटचा मोठा सीन आहे. स्क्रिप्टमध्ये रुजा एका चमकणाऱ्या फुलापासून होतो, ते फूल वर्षातून एकदा एकाच दरीत उमलतं, आणि एकदा लावलेला रुजा मरेपर्यंत निघत नाही. तुला विचारायचंय की हे खरं वाटेल असं कसं करायचं, कशाने रंगवायचं, घामाने ओघळेल का, आणि कोणाच्या त्वचेला त्रास होणार नाही ना.

सगळ्यात आधी माझं मत सांगून टाकते, ते फूल काढा. राग मानू नकोस, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलेली दिसतेय, पण भटक्या माणसाचा विधी एका दरीतल्या एका फुलावर अवलंबून राहूच शकत नाही. ज्या वर्षी पाऊस लांबला, वाट बदलली, वाटेत कोणी आजारी पडलं म्हणून आठ दिवस मुक्काम वाढला, त्या वर्षी पोरांना खूण करायचीच नाही का? जे लोक बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालतात त्यांच्या विधीचं सामान एक तर वाटेवर जागोजागी सापडणारं असतं, नाहीतर मुठीत मावेल इतकं थोडं आणि वर्षभर न नासणारं. म्हणून रंग कोणता हे ठरवायच्या आधी हे लोक काय खातात, काय जाळतात, कुठून कुठे जातात आणि कुठलं जनावर पाळतात ते कागदावर लिहा, रुजा त्यातून आपोआप निघतो. मी रंगभूषा करताना काल्पनिक माणसांसाठी दरवेळी हेच विचारते आणि बहुतेक वेळा लेखकाकडे उत्तर तयार असतं, फक्त त्याने ते रंगाशी जोडलेलं नसतं. तुमच्याकडे पण आहेच की, मेंढ्या आहेत, चूल आहे, पठार आहे, समुद्र आहे, अजून काय पाहिजे.

खऱ्या जगात लोकांनी काय केलंय ते बघ. नामिबियातल्या हिंबा बायका अंगाला आणि केसांना जो लाल लेप लावतात त्याला ओटजिझे म्हणतात, तो म्हणजे दुधातून काढलेलं लोणी-तूप आणि लाल गेरू, त्यात वासासाठी एका झुडपाचा डिंक. गुरं त्यांची, दूध त्यांचं, गेरू त्यांच्या मुलखातला, सगळं हाताशी. मसाई लोकांचे तरुण योद्धे गेरूच चरबीत कालवून लावतात. नायजरमधले वोडाबे हे गुरं घेऊन फिरणारे लोक, त्यांच्यात पावसाळ्याच्या शेवटी गेरेवोल नावाचा सोहळा होतो आणि त्यात पुरुष नटतात, चेहऱ्याला पिवळी किंवा लाल पूड, ओठ आणि डोळे काळे, नाकावरून खाली एक पांढरी रेघ, म्हणजे दात आणि डोळ्यांचा पांढरेपणा लांबून उठून दिसतो. आणि हे किती जुनं आहे तर दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत समुद्राच्या मोठ्या शिंपल्यात कालवलेला गेरू सापडलाय, सोबत दळायचे दगड, कोळसा, भाजलेल्या हाडांचे तुकडे, साधारण 1 लाख वर्षांपूर्वीचा, 2011 मध्ये त्यावरचं संशोधन छापून आलं. म्हणजे माणसाने शेती केली नव्हती, मडकं बनवलं नव्हतं, तेव्हापासून दगड वाटून, त्यात काहीतरी चिकट घालून, शिंपल्यात ठेवून रंग करणं चालू आहे. तुमच्या मेरवींना याहून वेगळं काही शोधायची गरजच नाही.

तर माझा प्रस्ताव असा. वाटेची दोन टोकं आहेत ना, मग रुजाचे पण दोन रंग ठेवा, पठाराचा लाल आणि समुद्राचा पांढरा. लाल म्हणजे गेरू, लोखंडाचा गंज असलेली माती. पांढरा म्हणजे शिंपल्या भाजून केलेली पूड, आपल्या कोकणात पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजायचेच, तेव्हा मेंढ्या घेऊन किनाऱ्यावर आलेले लोक परत जाताना एका छोट्या पिशवीत ती पूड घेऊन जातात हे कोणालाही पटेल. वाटेत जन्मलेल्या बाळाला फक्त लाल, आणि जिने दोन्ही टोकं पाहिली तिला लालच्या कडेला पांढरा. आता शेवटच्या सीनमध्ये आजीने पांढऱ्या पिशवीची गाठ सोडली की प्रेक्षकाला एकही वाक्य न बोलता कळतं की ही पोर आता चालून आलेली झाली, बशर्ते पहिल्या दहा मिनिटांत कुठेतरी फक्त लाल लावलेलं एक लहान मूल दाखवलेलं पाहिजे.

चमत्कार पाहिजेच असेल तर तो मातीत आहे, फुलात शोधायला नको. पिवळा गेरू, म्हणजे ज्याला जुने रंगवाले पिवडी म्हणतात, तो भाजला की लाल होतो. त्या पिवळ्या मातीतल्या लोखंडाच्या संयुगात पाणी अडकलेलं असतं, साधारण 250 ते 300 अंशाच्या पुढे ते निघून जातं आणि मागे लाल उरतो, चुलीतले निखारे याच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेले असतात. म्हणजे मेरवींच्या आजीने संध्याकाळी पिवळ्या मातीचे खडे निखाऱ्यात पुरले आणि सकाळी राख बाजूला सारून लाल खडे बाहेर काढले, तर ते शंभर टक्के खरं आहे. यात नाटक पण आहे, रात्रभर कोणीतरी विस्तवाजवळ जागायला लागेल, कोण जागणार, ज्या पोरीला उद्या रुजा लागणार तीच का. लिहिणाऱ्याला सांग, फुलाच्या पानभर वर्णनाऐवजी इथे दोन ओळी खर्च कर.

दुसरा पर्याय हळदीचा, तो पण सांगून ठेवते कारण स्टेजवर तो डोळ्यादेखत होतो. वरणाचा डाग शर्टावर पडला आणि त्यावर साबण चोळला की डाग एकदम लाल होतो हे प्रत्येकाने घरी बघितलंय. हळदीतलं कर्क्युमिन क्षार लागला की लाल होतं आणि आंबट लागलं की परत पिवळं, आपलं जुन्या पद्धतीचं कुंकूही हळकुंडावर टाकणखार आणि लिंबाचा रस यांची प्रक्रिया करूनच होतं. लाकडाच्या राखेचं पाणी क्षारयुक्त असतं, तेव्हा कपाळावर आधी पिवळा पट्टा आणि आजीने राखेच्या पाण्यात बोट बुडवून त्यावरून फिरवलं की बोटामागून लाल रेघ उमटत जाते. दिसायला फार सुंदर आहे पण अडचणी दोन, एक म्हणजे हळद हे पेरून नऊ महिने थांबायचं पीक आहे, भटक्यांना ती गावात लोकर देऊन घ्यावी लागेल, तशी एक ओळ टाकली की झालं, आणि दुसरी जास्त मोठी अडचण म्हणजे घाम किंचित आम्लधर्मी असतो त्यामुळे लाल रेघ हळूहळू परत मळकट पिवळी व्हायला लागते. राखेचं पाणी खऱ्या त्वचेवर वापरू नका, खायच्या सोड्याचं पाणी चालेल, पण मग रंग लालभडक येत नाही, केशरी-विटकरीकडे झुकतो. वर परत ज्या नटीला दुसऱ्या दिवशी लेक्चरला किंवा ऑफिसला जायचंय तिच्या कपाळावर पिवळी झाक राहते ती वेगळीच. म्हणून मी तुमच्या जागी गेरूच धरला असता.

आता रंग नुसता असून चालत नाही, त्याला अंगाला धरून ठेवणारं काहीतरी लागतं, आणि लोक काल्पनिक जमात रचताना नेमकं हेच विसरतात. कोरडा गेरू कपाळावर चोळला तर पाच मिनिटांत भुरभुर खाली. पाण्यात कालवला तर वाळल्यावर तडे जातात आणि घामाने वाहतो. खरी भटकी माणसं स्निग्ध पदार्थ वापरतात आणि कुठला ते त्यांच्या जनावरावर ठरतं. मेंढ्यावाल्यांकडे एक गोष्ट फुकट असते, लोकरीची मेणचट चरबी, जिला लॅनोलिन म्हणतात. कातरलेली लोकर गरम पाण्यात उकळली की वर पिवळसर तवंग येतो, तो काढून घ्यायचा, गाळायचा, झालं. हात लावून बघितलंस तर कळेल, बोटाला असं चिकटतं की पुसल्यावरही मागे थर राहतो, आणि पाणी त्यावर ठरत नाही. त्याचा वितळायचा अंदाज 38 ते 42 अंश, म्हणजे आपल्या कपाळाच्या वरच्या थराचं तापमान 33-34 अंशाच्या आसपास असतं त्यापेक्षा थोडं वर, त्यामुळे बोटाने घासलं की मऊ होतं आणि लावून सोडलं की बसून राहतं. खोबरेल 24 अंशालाच पातळ, तूप आपल्याकडे मे महिन्यात डब्यात पण पातळच असतं, मधमाशीचं मेण 62-64 अंशापर्यंत घट्ट. यावरून तुमच्या मेरवींमध्ये पठारावरचा रुजा आणि किनाऱ्यावरचा रुजा वेगळा असू शकतो, वर थंडीत चरबी जास्त, खाली दमट हवेत मेण जास्त, आणि वासावरून म्हाताऱ्या माणसांना कळतं कुठला कुठे कालवलाय. हे सगळं संवादात यायला पाहिजे असं नाही, नटांना माहीत असलं की हातात आपोआप येतं.

मेंढीवरून अजून एक. जनावरं ओळखायला रंग लावणं ही जगभरची पद्धत आहे, आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठसे उठवतातच. माझी फार इच्छा आहे की मेरवींमध्ये कोकरांना खूण करायचा रंग आणि माणसांना लावायचा रुजा एकाच कढईतला असावा. पहिलं बोट कळपातल्या सगळ्यात लहान कोकराच्या कपाळाला, दुसरं पोरीच्या. यातून कळपाचं आणि माणसांचं नातं दिसतं आणि भाषण लिहायला लागत नाही.

मरेपर्यंत न निघणाऱ्या लेपाबद्दल. त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो, त्यामुळे वरून लावलेलं काहीही आयुष्यभर राहत नाही. मेंदी त्या थराच्या आत जाऊन त्वचेतल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला धरते म्हणून आठवडा, दोन आठवडे, तळव्यावर थर जाड म्हणून तिथे जास्त, पण तीही जातेच. कायमचं पाहिजे तर त्वचेच्या खालच्या थरात रंग घालावा लागतो, म्हणजे गोंदण, आणि मग तो वेगळाच विधी झाला, रक्त येणार, सूज येणार, पोरगी चार दिवस आजारी. मला विचारशील तर रुजा निघतो हेच नाटकाच्या फायद्याचं आहे. निघतो म्हणजे परत लावावा लागतो, परत लावायचा म्हणजे कोणीतरी लावणारं लागतं, आणि दर वर्षी वाट पुरी केल्यावरच लागतो. मग जो माणूस कळप सोडून गावात राहिला त्याचं कपाळ कोरडं. भांडून गेलेला भाऊ तुमच्या स्क्रिप्टमध्ये आहेच, तो तिसऱ्या सीनमध्ये परत येतो तेव्हा त्याच्या कपाळावर काहीच नाही आणि आजी सारखी तिकडे बघतेय, एवढंच ठेवलं तरी खूप झालं. कायमच्या खुणेने हे मिळणार नाही.

एक गोष्ट जरा ठामपणे सांगते. जमात काल्पनिक आहे तर खूण पण काल्पनिकच ठेवा. आपल्या आजूबाजूला खरे फिरते मेंढपाळ आहेत, पावसाळा संपला की देशावरचे धनगर बिऱ्हाडासकट घाट उतरून कोकणात येतात, शेतात मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं आणि त्यांना धान्य-पैसे, आणि पावसाच्या आधी परत वर जातात. तुमच्या मेरवींची वाट जवळपास तीच आहे, आणि त्यात गैर काही नाही, माणसाचं जगणं बघूनच गोष्ट सुचते. पण म्हणून जेजुरीचा भंडारा उचलून मेरवींच्या कपाळावर लावू नका. भंडारा हा खंडोबाचा आहे, बुक्का पंढरीचा आहे, गोपीचंदन द्वारकेजवळच्या तळ्याच्या मातीचं, त्या प्रत्येकामागे लावणाऱ्यांची श्रद्धा आहे आणि प्रेक्षागृहात बसलेल्या कोणाच्या तरी देव्हाऱ्यात ते असणार. आडवे तीन पट्टे, उभं गंध, हे आकार पण टाळा. अंगठ्याने भुवयांच्या मधून वर केसांपर्यंत ओढलेला एक रुंद लाल ठसा आणि त्याच्या फक्त डाव्या कडेला पांढरी कडा, असं काहीतरी, जे बघून कोणालाही आपला देव आठवणार नाही. आकार ठरला की घरातल्या मोठ्यांना दाखवा, हे कशासारखं वाटतं विचारा, त्यांना लगेच कळतं.

आता प्रत्यक्ष स्टेजसाठी. वर जे सांगितलं ते मेरवींसाठी, नटांच्या अंगावर ते जसंच्या तसं लावायचं नाही. बाजारातला गेरू, जांभळी नाक्याला पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो किंवा कुंड्या रंगवायला आणतात तो, प्रॉप म्हणून वापरा, खडे, वाटायचा दगड, शिंपलीतली पूड, सगळं त्याचंच करा. पण कपाळावर जाणारा रंग कॉस्मेटिक ग्रेडचा आयर्न ऑक्साइड पाहिजे, डब्यावर सीआय 77491 असं लिहिलेलं असतं तो लाल, 77492 पिवळा, 77499 काळा. रसायन गेरूतलंच पण नैसर्गिक मातीत कधी कधी शिसं, आर्सेनिक असतं ते यात तपासलेलं असतं. प्रॉपचा गेरू पण अस्सल आहे का बघून घ्या, टिपकागदावर चिमूटभर ठेवून त्यावर दोन थेंब स्पिरिट टाका, गुलाबी-लाल वर्तुळ पसरत गेलं तर त्यात कापडाचा रंग मिसळलाय, अस्सल माती जागच्या जागी राहते. माथेरानची लाल माती आणू नका, येऊरची पण नको, एक तर ते जंगल आहे आणि दुसरं म्हणजे कच्च्या मातीत जंतू असतात, ती पिंपल फुटलेल्या कपाळावर नको.

काय वापरायचं नाही ते एका दमात सांगते. शेंदूर नाही, तो मुळात शिशाचं संयुग. हिंगूळ नाही, त्यात पारा. स्वस्तातलं कुंकू नाही, बऱ्याचशा डब्यांत हळदीचा पत्ता नसतो, नुसता रासायनिक रंग असतो आणि त्याने कपाळावर खाज, काळे डाग येतात. पोस्टर कलर, फॅब्रिक कलर, होळीचे रंग अजिबात नाहीत. काळी मेंदी म्हणून जे कोन मिळतात ते नाही, त्यात पीपीडी नावाचं केस रंगवायचं रसायन असतं आणि त्याने फोड येऊन व्रण राहिलेली माणसं मी बघितलीत. आणि ग्रुपमधल्या कोणीतरी बिब्बा सुचवला असं तू लिहिलंयस, तर बिब्बा कपाळाच्या जवळपासही आणायचा नाही. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस चुना लावून वापरायचे हे खरं, धुतल्यावर जात नाही हेही खरं, पण त्याचा रस त्वचेवर भाजल्यासारखे फोड उठवतो, नुसता फोडताना उडाला तरी. मेरवींनी तो चामड्याच्या पिशव्यांवर खूण करायला वापरला तर छान, पण तोही स्टेजवर काळ्या रंगाने रंगवलेला खोटा. खरा चुना पण कपाळावर नाही, पांढऱ्यासाठी झिंक ऑक्साइड.

बनवायची पद्धत. साधारण आठ-दहा प्रयोगांना पुरेल असा अंदाज, मधमाशीचं मेण 10 ग्रॅम, पेट्रोलियम जेली 40 ग्रॅम, एरंडेल 10 ग्रॅम, लाल ऑक्साइड 20 ग्रॅम, आणि चकाकी घालवायला केओलिन म्हणजे पांढरी चिनी माती 8-10 ग्रॅम, तीही कॉस्मेटिक वालीच. लॅनोलिन घालावंसं वाटेल पण काही जणांना त्याची ॲलर्जी असते म्हणून मी ग्रुपसाठी करताना घालत नाही. आधी काचेच्या तुकड्यावर ऑक्साइड आणि केओलिन एरंडेलात घोटा, अगदी बोटाला कण लागेनासा होईपर्यंत, हे काम कंटाळवाणं आहे पण इथे घाई केली तर नंतर कपाळावर ठिपके दिसतात. मग मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं भांडं, त्यात मेण आणि जेली वितळवा, गॅसवर थेट नको. खाली उतरवून घोटलेला रंग घाला आणि गार होईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर रंग तळाला बसतो आणि वर नुसतं मेण. गार झाल्यावर श्रीखंडाइतका घट्ट पाहिजे, बोटाने उचलला तर टोक उभं राहायला हवं. पावसाळ्यातला प्रयोग असेल तर मेण 12-13 पर्यंत न्या, आपली दमट हवा आणि विंगेतली गर्दी धरून. पांढऱ्याला हेच माप, लाल ऑक्साइडच्या जागी झिंक ऑक्साइड.

लावताना कपाळ आधी कोरडं करून हलकी पावडर मारलेली पाहिजे, तेलकट कपाळावर काही टिकत नाही. पण तुमच्याकडे रुजा स्टेजवरच लागणार आहे, म्हणून त्या मुलीच्या कपाळाला मेकअप कमी ठेवा आणि शेवटच्या एंट्रीच्या आधी विंगेत कोणीतरी टिश्यूने घाम टिपा, पुसू नका, टिपा. आजीने अंगठ्यावर किती घ्यायचं याची तालीम करा, वाटाण्याएवढा पुरतो, जास्त घेतला की भुवईत उतरतो आणि डोळ्यात जाण्याची भीती. एका दमात, खालून वर, न थांबता. बहुतेक नट्या इथे हळुवार हात फिरवतात, मला ते पटत नाही, आयुष्यभर मेंढ्या आवरलेल्या बाईचा अंगठा आहे, तो दाबून फिरला पाहिजे, पोरीचं डोकं किंचित मागे गेलं पाहिजे. आणि रंग लावल्यावर आजीचा अंगठा लालच राहणार आहे, तो पुसायचा नाही. त्यानंतर ती काठी धरेल, पोरीच्या हनुवटीला हात लावेल, तिथे तिथे लाल उमटत जाईल, ते मुद्दाम बसवा. काठी फिकट लाकडाची घ्या म्हणजे दिसेल.

आता लाइट, आणि हे तुमच्या लाइटवाल्याला आजच वाचायला दे. गेरूचा लाल सावळ्या कपाळावर, पिवळ्या-अंबर लाइटमध्ये, जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्या लाइटमध्ये त्वचा पण त्याच रंगाकडे जाते. निळ्या लाइटमध्ये तोच लाल काळपट दिसतो, कारण परत पाठवायला त्यात लाल प्रकाशच नसतो, आणि तुमचा शेवटचा सीन पहाटेचा म्हणून निळा ठेवलाय असं तू लिहिलंयस, म्हणजे पोरीच्या कपाळाला काजळी फासल्यासारखं दिसेल. निळं मागच्या पडद्यावर ठेवा आणि पुढून साधा पांढरा, थोडासा, फक्त दोघींच्या चेहऱ्यावर. पांढरी कडा मी सुचवली त्यामागे हेही एक कारण आहे, लाल कुठल्याही लाइटमध्ये दबला तरी कडा त्याला उचलते. आणि रुंदी, गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात बाल्कनीत बसून बघा, एका बोटाची रेघ तिथून दिसतच नाही, किमान दोन बोटं पाहिजे. मोबाइलवर काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका, फोन रंग स्वतःच्या मनाने सुधारतो, माणूस बसवा आणि त्याला विचारा काय दिसतंय.

कपड्यांचं पण बघा. आयर्न ऑक्साइडचा डाग धुऊन जात नाही, मेण असल्यामुळे तर नाहीच, तेव्हा ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणलेली पांढरी घोंगडी किंवा धोतर आजीच्या आसपास असेल तर डिपॉझिट गेलंच समजा. आजीचा पदर, पोरीचा गळा, काठीवाल्याची बंडी, हे तीन कपडे स्वतःचे घ्या, मातकट रंगाचे.

काढायला आधी खोबरेल, कापसाने, वरून खाली, दोनदा, मग फेसवॉश. नुसता साबण लावून घासत बसलं तर कपाळ लाल होतं आणि लोकांना वाटतं रंग चढला. रॉकेल, थिनर, कोणी कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी नाही.

आणि पॅच टेस्ट, ज्यांना ज्यांना रुजा लागणार त्या सगळ्यांची, आजीच्या अंगठ्याची पण. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका, 24 तास ठेवा, काढल्यावर अजून एक दिवस बघा, खाज, पुरळ, लाली काही आलं तर त्या व्यक्तीला नको. लाल आणि पांढरा वेगवेगळ्या जागी लावा म्हणजे त्रास कशाचा ते कळेल. ही टेस्ट प्रयोगाच्या आदल्या रात्री करून उपयोग नाही, निदान आठवडाभर आधी करा, म्हणजे कोणाला चाललं नाही तर वेगळा बेस करायला वेळ राहील. डब्यात सगळ्यांनी बोटं घालायची नाहीत, आइस्क्रीमच्या काडीने थोडा शिंपलीत काढून घ्या आणि आजीने त्या शिंपलीतूनच उचलायचा, उरलेला परत डब्यात नाही. कोकराचं कपाळ खोटं असणार, पण लहान मूल जर खरंच स्टेजवर आणणार असाल तर त्याच्या आईला डबा दाखवा, काय काय घातलंय ते सांगा, आणि बाळाच्या कपाळाला न लावता डोक्याला बांधलेल्या कापडी पट्टीला लावा, लांबून तेवढंच दिसतं.